सुटून आलेला बंदी आमचाच असल्याची खात्री करून मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
सावळखेडे विशेष कारागृह,
मु. सावळखेडे.

अर्जदार : श्रीमती भिकुबाई अभिमन बोरसे, वय ६६, रा. पिंपळकोठे, ता. अमळनेर, जि. जळगाव.

विषय : आपल्या कार्यालयाने दि. ११ एप्रिल २०२५ रोजी प्रेमराज अभिमन बोरसे म्हणून सुपूर्द केलेला इसम हा प्रेमराजच आहे किंवा कसे, याची खात्री करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले सुटका-पत्र, दि. ११ एप्रिल २०२५. २) माहितीच्या अधिकारात आपण दिलेले उत्तर, दि. ९ जून २०२५.

महोदय,

अशा अर्जाची सुरुवात ‘अर्जदार ही अडाणी व गरीब विधवा असून’ अशी करण्याची रीत आहे. अर्जदार भिकुबाई यांनी ती ओळ लिहू दिली नाही. ती ओळ वाचली की साहेब लोक पुढचे वाचत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. सबब ती गाळली आहे. आपण सांगू तसेच लिहायचे, प्रत्येक परिच्छेद दोनदा वाचून दाखवायचा आणि पदरचे काही घालायचे नाही, अशा तीन अटी त्यांनी धुळे येथे कचेरीच्या कुंपणाशी बसणारे अर्जलेखक जीवराम महाजन यांना घातल्या आहेत. पहिल्या दोन अटी मान्य आहेत. तिसरी पाळणे जीवराम महाजन यांना तीस वर्षांत कधी जमलेले नाही. अर्जदाराचा सध्या कोणावरच विश्वास नाही, त्यात अर्जलेखकही आले, हेही येथेच नमूद करतो.

१. अर्जदाराचा एकुलता एक मुलगा प्रेमराज, वय आजरोजी ३८, हा भरीत करणारा होता. साहेब खान्देशाबाहेरचे असल्यास कळावे की, आमच्याकडे थंडी पडली की मळ्यामळ्यांतून भरताच्या पार्ट्या होतात. कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात. दोनशे माणसांचे भरीत एकहाती उतरवील असा गडी पंचक्रोशीत एखादाच असतो, आणि तो प्रेमराज होता. शिवाय तोंड अखंड चालू. वांगी भाजताना, ठेचताना, वाढताना, भांडी घासताना त्याचे बोलणे थांबत नसे. याचे तोंड बंद कसे करायचे, हा गावात थट्टेचा विषय होता. ते कसे करायचे हे अखेर कोणाला तरी जमले आहे, असे अर्जदाराचे म्हणणे आहे.

जानेवारी २०१९ मध्ये अशाच एका पार्टीत दोन गटांची हाणामारी होऊन एक इसम दगावला. प्रेमराजच्या हातात त्या वेळी लांब चिमटा होता, कारण जाळावर दीडशे वांगी होती. पंचनाम्यात त्या चिमट्याचे हत्यार झाले. सहा वर्षे तीन महिने तो आपल्या कारागृहात कच्चा कैदी म्हणून होता. त्यानंतर मा. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. निकालाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

२. पहिली तीन वर्षे अर्जदार दर दोन महिन्यांनी मुलाखतीला येत. जाळीपलीकडून प्रेमराज इतका बोले की वेळ संपली तरी ड्यूटीवरचा शिपाई हसत उभा राही. गावातल्या म्हशी व्यायल्या का इथपासून चौकशी. फेब्रुवारी २०२२ मध्ये बराकीत एका म्हाताऱ्या बंद्याला मारहाण झाली आणि प्रेमराजने ती ओरडून साऱ्या कारागृहाला ऐकवली, एवढे अर्जदाराला एका सुटून आलेल्या माणसाकडून समजले. त्यानंतर त्याची बराक बदलली. कुठे बदलली, ते सांगायला कोणी तयार नव्हते.

त्या दिवसापासून सुटकेपर्यंत अर्जदार एकोणीस वेळा आपल्या गेटवर आल्या. एकोणीस वेळा परत गेल्या. कधी बंदी आजारी, कधी साहेब राउंडवर, कधी आज मुलाखत बंद. शेवटी शेवटी ‘बंदी स्वतःच भेटायला तयार नाही’ असे सांगण्यात येऊ लागले. ज्या पोराला बोलायला माणूस लागतो म्हणून तो रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून थांबवायचा, तो आईला भेटायला नाही म्हणेल, हे अर्जदाराला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. संशयाची सुरुवात तिथून आहे.

३. दि. ११ एप्रिल रोजी अर्जदार व त्यांचे पुतणे चुडामण बोरसे जीप घेऊन गेटवर आले. छोट्या दारातून एक इसम बाहेर आला. हातात पिशवी. चुडामण पुढे होऊन ‘प्रेमराज’ म्हणाला, त्यावर इसम नुसता उभा राहिला. शिपायाने ‘जा’ म्हटल्यावर चालू लागला. जीपमध्ये तो सीटच्या पाठीकडे तोंड करून बसला आणि अमळनेरपर्यंत त्याने मान फिरवली नाही. घरापुढे उतरल्यावर दार सताड उघडे असताना उंबऱ्याबाहेर पाऊण तास उभा राहिला. अर्जदाराला वाटले, पोराला लाज वाटते. चुडामण म्हणाला, “ज्यानं घर शे, तो घरमां जास. हाऊ काय पाव्हना शे?” शेजारच्या बाईने चेष्टेत ‘जा ना भाऊ’ म्हटले तेव्हा तो आत गेला.

४. त्या दिवसापासून सदर इसमाची वागणूक खालीलप्रमाणे आहे. हे सर्व अर्जदाराने स्वतः पाहिलेले आहे, कारण साडेतीन महिने त्या दुसरे काही करत नाहीत.

इसम सात पावले चालतो आणि मागे फिरतो. ओसरीवर सात, अंगणात सात. त्याला मळ्यात नेले, जिथे बैलजोडी दमेल एवढे शिवार मोकळे आहे, तिथेही सात पावले चालून तो फिरला. समोर भिंत असल्यासारखा वळतो, अडखळत नाही. कडीला हात लावत नाही. दार बंद असो वा उघडे, कोणी ‘जा’ म्हणेपर्यंत उभा राहतो. एकदा अर्जदार बाजाराला गेल्या आणि सांगायच्या विसरल्या, तर परत आल्यावर इसम संडासाच्या उघड्या दारापुढे उभा होता आणि त्याचा पायजमा ओला होता. ही गोष्ट लिहू नये असे अर्जलेखकाने सुचवले. लिहा, म्हणाल्या.

लांबचे त्याला दिसत नाही. दिसते, पण उमगत नाही. समोरचा पेला घ्यायला हात पुढे करतो, तो पेल्याच्या अलीकडेच मिटतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून नजर चांगली असल्याचे सांगितले. फार दिवस लांब पाहिलेच नसेल तर असे होते, असेही म्हणाले. दोन माणसे एका वेळी बोलू लागली की इसम कान झाकून खाटेखाली जातो. कुकरच्या शिट्टीला तर थरथर कापतो. चुलीजवळच्या भिंतीशी मात्र तो हळू आवाजात काहीतरी बोलतो. काय ते ऐकू येत नाही, आणि जवळ गेले की बंद होते. भिंतीशी बोलतो आणि आईशी नाही, यावरून अर्जदाराला काय वाटले असेल ते साहेबांनी समजून घ्यावे.

५. तेव्हा अर्जदाराने पारखून पाहायचे ठरवले. याबद्दल त्यांना कोणी बोल लावू नये. परका माणूस घरात घेताना बाईमाणसाने डोळे उघडे ठेवावेच लागतात.

प्रथम खुणा. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, उजव्या भुवईवर खोक, पाठीवर तीळ. सगळे जागच्या जागी. पण चुडामणचे म्हणणे पडले की खुणा सुटका-पत्रावर लिहिलेल्या आहेत, आणि ज्यांना माणूस बदलायचा ते खुणाही करतील. अर्जदाराला ते पटले. दुसऱ्यांदा अर्जदाराने त्याला पाठमोरा असताना ‘रतीलाल’ अशी हाक मारली. हे नाव आमच्या घरात सात पिढ्यांत नाही. इसमाने ‘हां साहेब’ म्हणून ओ दिली.

तिसऱ्यांदा अर्जदाराने भरीत केले आणि मुद्दाम मीठ घातले नाही. प्रेमराज असता तर पहिल्या घासाला ताट सरकवून त्याने अख्खी गल्ली गोळा केली असती. शेजारणीने दहा वर्षांपूर्वी एकदा भरतात मीठ कमी घातले, ते तो लग्नाकार्यात सांगत फिरायचा. सदर इसमाने अळणी भरीत शेवटच्या बोटापर्यंत खाल्ले, ताट पालथे घालून भिंतीशी ठेवले आणि अर्जदाराला म्हणाला, “झालं, साहेब.” अर्जदार त्या दिवशी जेवल्या नाहीत. आईला साहेब म्हणणारा हा कोण, असा त्यांना प्रश्न पडला आणि हा अर्ज त्या प्रश्नासाठीच आहे.

६. एवढे होऊनही अर्जदाराने घाई केली नाही. तालुक्याच्या एका वकिलांनी ही सगळी लक्षणे ऐकून सांगितले की, माणसाला वर्षानुवर्षे एकट्याला कोंडून ठेवले तर असे होते. याला एकांत कोठडी म्हणतात आणि न्यायालयाच्या हुकुमाशिवाय ती देता येत नाही. हे ऐकून अर्जदाराला उलट धीर आला. म्हणजे हा प्रेमराजच असेल, फक्त कोंडलेला, असे वाटले. म्हणून त्यांनी माहितीच्या अधिकारात आपल्याकडे विचारणा केली.

आपले उत्तर आले. त्यात लिहिले आहे : ‘बंदी प्रेमराज अभिमन बोरसे यास एकांत कोठडीत ठेवल्याची कोणतीही नोंद अभिलेखात आढळून येत नाही. कारागृहात अशी कोठडी अस्तित्वात नाही. सदर बंद्याची प्रकृती व वर्तन सुटकेसमयी समाधानकारक होते.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

सरकारचे लिहिलेले खोटे कसे म्हणायचे? अर्जदाराने ते मान्य केले, आणि तिथूनच त्यांचा संशय पक्का झाला. कारण हिशेब सरळ आहे. प्रेमराजला एकटे ठेवले नव्हते, असे आपण म्हणता. घरात आलेल्या इसमाला एकटे ठेवले होते, हे आंधळ्यालाही दिसते. सबब घरात आलेला इसम प्रेमराज नाही. अर्जलेखकाने या हिशेबात खोट काढण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. सापडली नाही. यात कुठे चूक असेल तर ती आपल्या पत्रात असेल, असे त्याने दबक्या आवाजात सुचवले, त्यावर अर्जदाराने त्याच्याकडेच संशयाने पाहिले.

७. आता घाई का, ते लिहितो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. यंदा ३ ऑगस्टला. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू मापाने घेत नाहीत. भाऊबंदांतल्या हयात पुरुषांची नावे घ्यायची आणि प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ, म्हणजे एक मूठ आणि वर चिमूट. आमच्या बोरश्यांत हे काम जाणत्या बाईकडे असते आणि ती नावे थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीने घेते. बाहेरच्या माणसासमोर घेत नाही. मेलेल्याचे नाव त्यात चुकूनही येत नाही आणि जित्याचे गाळत नाहीत. गाळले तर तो मेला म्हटल्यासारखेच. रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही. प्रेमराज आत असताना सहाही वर्षे अर्जदाराने त्याची मूठ चुकवलेली नाही.

यंदा पंचाईत झाली आहे. मूठ घातली आणि हा इसम परका निघाला, तर कानबाईचा रोट परक्याच्या नावाने झाला. घातली नाही आणि खरा प्रेमराज अजून आपल्याकडे आत असला, तर आईने आपल्या हाताने जित्या पोराला मेला ठरवला. भाऊबंदांच्या बैठकीत चुडामणने बजावले आहे, “परकाना नावनी मूठ टाकशात ते कानबाई कोपी.” चुडामणचे यात हित काय, असे कोणी विचारील. प्रेमराजच्या मागे भरताच्या पार्ट्या चुडामण घेतो, प्रेमराजच्याच कढयांत आणि त्याच्याच नावावर. अर्जदाराच्या हे लक्षात आलेले आहे. त्यांचा चुडामणवरही संशय आहे. पण चुडामण लबाड असला म्हणून इसम प्रेमराज ठरत नाही.

८. तरी मेहेरबान साहेबांनी खालील मागण्यांचा विचार व्हावा :

(अ) सदर इसम सोबत आणला आहे. अर्जदार त्याला घेऊन आजच्या दुपारच्या गाडीने सावळखेडे येथे समक्ष हजर होत आहेत. तो प्रेमराज नसल्यास ताब्यात घ्यावा आणि जो आम्ही दिला होता, तो बोलणारा, परत करावा.

(आ) तसे करण्यास वेळ लागत असल्यास, शुक्रवार दि. १ ऑगस्टला गहू घेण्यापूर्वी या इसमाच्या नावाने मूठ घालावी किंवा कसे, याचा सही-शिक्क्यानिशी दाखला द्यावा. कारागृहाकडे असा दाखला मागण्याची पद्धत नाही, हे अर्जलेखकाने निदर्शनास आणले. माणूस सरकारने बदलला तर दाखला देवळाने का द्यावा, असे अर्जदाराचे म्हणणे आहे.

(इ) ज्याअर्थी प्रेमराज फेब्रुवारी २०२२ ते एप्रिल २०२५ या काळात एकटा नव्हता, त्याअर्थी त्याच्यासोबत कोणीतरी होते. त्या सोबत्याचे नाव व पत्ता कळवावा. एकच नाव पुरे. अर्जदार त्याच्या घरी जाऊन, माझा मुलगा तीन वर्षे काय बोलत होता, एवढेच विचारतील.

९. येथवर मजकूर टंकित झाल्यावर जे घडले ते लिहिणे भाग आहे. अर्जदार म्हणतात, वरचे काही खोडायचे नाही. आपण पोटच्या पोराविषयी काय काय मनात आणले ते साहेबांना दिसले पाहिजे. म्हणून वरील मजकूर होता तसा ठेवला आहे.

अर्जाला साक्षीदार म्हणून भाऊबंदांची नावे द्यावीत, असे अर्जलेखकाने सुचवले. अर्जदाराला नावे एकाच ओळीने येतात, मुठीच्या ओळीने. बाहेरच्या माणसासमोर ती घ्यायची म्हणून त्यांना जड गेले. तरी कामच तसे, म्हणून त्या सांगू लागल्या. ‘लोटन’ म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचे नाव येईना. इसम त्या वेळी टेबलापासून हातभर अंतरावर, बाकावर कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिकडून, चुलीजवळ येतो तसा हळू आवाज आला :

“चिंधा आबा. लोटन नाना. पंडित भाऊ. चुडामण भाऊ.”

येथे आवाज थांबला. एका नावाला लागेल एवढाच वेळ. मग पुढे :

“साहेबराव. भूपेंद्र. योगेंद्र.”

प्रत्येक नावाला इसमाचा उजवा हात मांडीवर मिटत होता आणि वर तीन बोटांची चिमूट पडत होती. मध्ये जिथे तो थांबला तिथे हात उघडाच राहिला. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. चिंधा आबा, लोटन नाना. भिंतीशी साडेतीन महिने काय बोलणे चालले होते, ते अर्जदाराला तेव्हा कळले.

अर्जलेखकाला यात काही विशेष वाटले नाही. घरची नावे कोणीही शिकवू शकतो, चुडामणसुद्धा, असे तो बोलूनही गेला. अर्जदार मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या. कारण असे की, चिंधा आबा हे अर्जदाराचे थोरले दीर नोव्हेंबर २०२२ मध्ये वारले. तेव्हा मुलाखत बंद होती, त्यामुळे ती बातमी आत गेली नाही. सुटकेनंतरही ती या इसमाला सांगितलेली नाही. परक्याला घरातले मरण कशाला सांगायचे, असे ठरले होते. गेली दोन वर्षे त्यांचे नाव मुठीत घेतले जात नाही. उलट शेवटी एक नाव वाढले आहे, योगेंद्रचा मुलगा पियुष, वय दोन. कोणी शिकवून पाठवला असता तर त्याने आजची यादी म्हटली असती. मेलेल्याची मूठ घालण्याची चूक आमच्या घरातले मूलही करणार नाही, आणि बाहेरच्याला ती करता येणार नाही. ती चूक फक्त एकाच माणसाच्या हातून होऊ शकते. जो फेब्रुवारी २०२२ ला ही यादी घेऊन आत गेला आणि ज्याच्याशी त्यानंतर कोणीही, काहीही बोलले नाही.

अर्जदार त्याच्याजवळ गेल्या आणि विचारले, “प्रेमराजनी मूठ कोठे शे?”

त्याने उघड्या हाताकडे पाहिले आणि तक्रार म्हणून नव्हे, नियम सांगावा तसे म्हणाला, “माले कोण मोजी, साहेब?”

“मरेलले मोजं,” अर्जदार म्हणाल्या, “आन जित्ताले इसरना.” मग त्यांनी त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांनी मिटला आणि चुडामण व साहेबराव यांच्या मध्ये त्याचे नाव घेतले, भर रस्त्यात, मोठ्याने, रिक्षावाले वळून बघत असताना. तो तिसऱ्या वेळी यादी म्हणू लागला तेव्हाही ते नाव त्याने घेतले नाही. अर्जदाराने घेतले. चौथ्या वेळीही अर्जदारानेच घेतले. अर्जदार रडल्या. अर्जलेखकानेही चष्मा पुसला, ही बाब अर्जाशी संबंधित नाही, तरी लिहिली आहे.

१०. सबब संशयाचे स्वरूप बदलले आहे. संशय मिटलेला नाही. साहेबांनी घाईने तसे समजू नये.

मागणी (अ) अर्जदार मागे घेत आहेत. खात्री झाली, ती आपल्या मदतीशिवाय. मागणी (आ) ची गरज उरली नाही. शुक्रवारी गहू अर्जदारच घेणार आहेत, त्यात प्रेमराजची मूठ पडेल आणि चुडामणने समोर बसून ती पाहावी, असा निरोप गेला आहे. मागणी (इ) कायम आहे.

परिच्छेद ६ मधील हिशेबही कायम आहे, फक्त आता तो दुसऱ्या टोकाने मांडायचा आहे. घरात आलेल्या माणसाला एकटे ठेवले होते. घरात आलेला माणूस प्रेमराज आहे. सबब प्रेमराजला एकटे ठेवले होते, आणि मग दि. ९ जूनच्या आपल्या पत्राचे काय करायचे ते आपण सांगावे. अर्जदाराने संशयापायी पोटच्या पोराला अळणी वाढले, परक्या नावाने हाका मारल्या आणि ते पत्र खरे मानले म्हणून आज त्याला परत करायला धुळ्यापर्यंत आणले. याचा दोष त्या स्वतःकडे घेतात. अर्धा. उरलेला कोणाकडे पाठवायचा त्याचा पत्ता मिळावा.

सातव्या पावलाला भिंत होती, तर ती कुठे आहे ते दाखवावे. नोंद नसेल तर भिंत असेल. दाराला आतून कडी होती का, तेही कळवावे. तीन वर्षे दोन महिने त्याच्याशी कोण बोलले, कितीदा, आणि ‘जा’ याखेरीज कोणता शब्द बोलले, हे लेखी द्यावे. कोणीच बोलले नसेल तर तेही लेखी द्यावे. त्याच्या उपचारांसाठी डॉक्टरांना हे लागणार आहे. अर्जदाराला तर लागणारच आहे. त्यांना मुलगा मिळाला आहे, पण त्याने अजून त्यांना ओळखलेले नाही, आणि आपण त्याच्या आई आहोत याचा पुरावा त्यांच्याकडे एकही नाही.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास अर्जदार पुढील पायरी चढतील. ती कोणती, हे अर्जलेखकाला ठाऊक आहे आणि आता साहेबांनाही ठाऊक असावे.

आजवर आपल्या गेटबाहेर वाट पाहिलेली, यापुढे घरी बसून उत्तराची वाट पाहणारी,

श्रीमती भिकुबाई अभिमन बोरसे
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

अंगठा समक्ष घेतला. मजकूर दोनदा वाचून दाखवला. नववा परिच्छेद अर्जदाराने तिसऱ्यांदा वाचायला लावला.
जीवराम महाजन, अर्जलेखक

ठिकाण : धुळे
दिनांक : २५ जुलै २०२५

सोबत :
१) सुटका-पत्राची छायांकित प्रत.
२) माहितीच्या अधिकारातील उत्तराची छायांकित प्रत.
३) मुलाखत नोंदणीच्या चिठ्ठ्या, ११. उरलेल्या आठ गेटवर काढून घेण्यात आल्या.
४) सदर इसम, एक, समक्ष.

टीप : सोबतची यादी सकाळी टंकित केलेली आहे. अर्ज समक्ष न देता रजिस्टर पोस्टाने पाठवत आहोत. अ. क्र. ४ जोडलेला नाही. तो अर्जदाराचा आहे, आणि अर्जदार त्याला अमळनेरच्या गाडीने घरी घेऊन गेल्या आहेत.